‘लहान वयाचा पोनी घ्या, पोरासोबत वाढेल’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी जरा थांबा

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, मुलांसाठी पोनी (म्हणजे छोट्या चणीचा घोडा) कसा निवडावा म्हणून. थोडक्यात त्यात असं म्हटलंय: दोन-तीन वर्षांचा पोनी घ्या म्हणजे तो आणि मूल एकत्र मोठे होतील, जितका बुटका तितका सेफ, बारा-पंधराच्या पुढचा म्हणजे म्हातारा, बघायला गेल्यावर दहा मिनिटं गपगुमान उभा राहिला की डोळे झाकून घ्या, आणि व्हेटची, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरची, तपासणी म्हणजे फुकटचा खर्च. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेल, पण यातला एकेक सल्ला पाळला तर आपटणार कोण? पोरच ना.

आधी ते ‘एकत्र वाढतील’ प्रकरण, कारण लोकांना तेच सगळ्यात गोड वाटतं. दोन वर्षांच्या पोनीवर खरं तर कुणी बसायलाच नको. साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याला खोगिराची सवय लावायला घेतात, आणि पाठीच्या कण्याची वाढ पूर्ण व्हायला पाच-सहा वर्षं सहज जातात. त्यानंतर खरं शिक्षण, म्हणजे लगामाचा इशारा कळणं, पायाच्या दाबाला उत्तर देणं, पिशवी फडफडली तरी न उधळणं, हे सगळं जाणत्या स्वाराच्या हाताखाली वर्षानुवर्षं होतं. आता हिशोब करा, सात वर्षांच्या मुलाला तीन वर्षांचा पोनी घेतला तर तो भरवशाचा होईपर्यंत, म्हणजे आठ-नऊ वर्षांचा होईपर्यंत, मूल बारा-तेराचं झालेलं असतं आणि त्याचे पाय पोनीच्या पोटाखाली लोंबत असतात. आणि मधली वर्षं? पोनीला काही येत नाही, मुलाला काही येत नाही, दोघं एकमेकांना चुकीचंच शिकवतात. एकदा पोनीला कळलं ना की मान खाली झटकली की लगाम सुटतो आणि मूल घसरतं, मग तो ते कधीच विसरत नाही.

म्हातारा वगैरे तर काहीही. नीट सांभाळलेले पोनी पंचवीस-तीस वर्षं जगतात, काही तिशीही ओलांडतात. बारा ते अठरा हे लहान मुलासाठी उत्तम वय, आणि विशीतला निरोगी पोनीही हळू चालीच्या कामाला मस्त चालतो. त्याने ट्रॅक्टर, कुत्री, छत्र्या, किंचाळणारी पोरं सगळं बघून झालेलं असतं. हां, वयानुसार दात, सांधे, खूर यांच्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, ते खरंय.

बुटका म्हणजे सेफ हे कुठून आलं देव जाणे. पोनी म्हणजे साधारण १४.२ हँडपर्यंतचा (हँड हे घोड्याची उंची मोजायचं माप), म्हणजे खांद्यापाशी १४८ सेंटिमीटरच्या आसपास. शेटलँड त्यात अगदी छोटा, १०७ सेंटिमीटरच्या आतला, पण याच जातीचे पोनी एकेकाळी ब्रिटनच्या कोळशाच्या खाणीत वॅगनी ओढायचे, ताकद विचारू नका. दोनशे किलोचा पोनी पंचवीस किलोच्या पोराला ओढत कुठेही नेऊ शकतो. शिवाय एक गोष्ट कुणी सांगतच नाही, की फार लहान पोनीवर मोठा माणूस बसू शकत नाही, त्यामुळे त्याला वरून नीट शिकवणारं किंवा बिघडलेल्या सवयी सुधारणारं कुणी मिळत नाही, आणि म्हणून गोंडस दिसणारे कितीतरी पोनी प्रत्यक्षात अडेल तट्टू निघतात. उंची बघायची ती मुलाच्या मापाने. वजनाचा ढोबळ नियम असा की खोगीर धरून पोनीच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत भार ठीक, म्हणजे दोनशे किलोवाल्याला चाळीस किलो.

आता दहा मिनिटं शांत उभा राहिला म्हणून घ्यायचा, हा तर सगळ्यात डेंजर सल्ला. शांत कशामुळे आहे? दमवलेला असू शकतो, औषध दिलेलं असू शकतं (मान खाली, खालचा ओठ लोंबतोय, डोळे अर्धवट मिटलेले), किंवा दुखतंय म्हणून हलत नसेल. तुम्ही पोहोचलात तेव्हा पोनी आधीच खोगीर चढवून तयार असेल, किंवा खोगिराच्या जागेवर घामाचा ओला पट्टा असेल, तर विचारा की सकाळी लांब दोरावर गोल गोल किती पळवलाय. आणि पुढच्या वेळी न सांगता जा.

बघायचं ते सुरुवातीपासून. मोकळ्या रानात सोडलेला असताना पकडू देतो का, की शेपूट उडवून पळतो? दोर बांधल्यावर मुलाच्या पुढे घुसतो का? खरारा करताना पोटाखाली हात गेला तर कान मागे पाडतो का? चारही खूर उचलून देतो का, आणि ते मुलाच्या उंचीच्या माणसाला देतो का? तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना नीट लक्ष ठेवा, कारण बरेच पोनी नेमके तेव्हा मान वळवून चावायला येतात आणि त्या बाजूला मुलाचं तोंड बरोबर त्याच्या दातांच्या उंचीवर असतं. मग आधी विकणाऱ्याच्या माणसाला बसू द्या. तो नाही म्हणाला तर तुमच्या मुलाने बसायचा प्रश्नच येत नाही. त्यानंतर जाणता ट्रेनर किंवा हलका, अनुभवी स्वार, आणि सगळ्यात शेवटी तुमचं मूल, हेल्मेट घालून, टाचेचे बूट घालून. एकटा बाहेर जातो का, सोबतचे घोडे पुढे निघून गेले तर काय करतो, तबेल्याकडे तोंड झालं की वेग वाढतो का, दुडकीवरून थांब म्हटलं की थांबतो का, हे सगळं बघा. एका भेटीत होत नाही हे. काही दिवस ट्रायलवर किंवा भाड्याने मिळत असेल तर सोन्याहून पिवळं.

मेसेजमध्ये एक गोष्ट मात्र बरोबर लिहिली आहे, खच्ची न केलेला नर घेऊ नका. खच्ची केलेला किंवा शांत घोडी, बस.

राहिला व्हेट. स्वतःचा व्हेट न्या, विकणाऱ्याचा नको. तो हृदय, डोळे, दात बघेल, पाय दुमडून धरून लगेच पळवून लंगडतो का ते बघेल, खुरांना लॅमिनायटिस (खुराच्या आतली दुखरी सूज) होऊन गेल्याच्या खुणा शोधेल, कारण पोनींना भरपूर हिरवं गवत मिळालं की हा आजार पटकन धरतो आणि एकदा झाला की परत परत येतो. त्याच दिवशी रक्ताचा नमुना घेऊन ठेवायला सांगा, म्हणजे गुंगीचं किंवा दुखणं दाबायचं औषध दिलं होतं का हे नंतरही तपासता येतं. विकणारा नमुना द्यायला कुरकुर करायला लागला तर सरळ दुसरा पोनी बघायला लागा.