उभ्या उसात गेलेले चाळीस दिवस

पलूस तालुक्यातल्या एका गावात आम्ही पाणीपुरवठ्याची पाइपलाइन टाकत होतो. लांबी सव्वादोन किलोमीटर, सगळी काळ्या रानातून. ऑक्टोबरात खोदाई, नोव्हेंबरात पाइप, डिसेंबर संपायच्या आत टेस्टिंग, असा बार चार्ट मी स्वतः बसून केला होता. पाइप वेळेवर आले, पोकलेन आला, आणि रानात पुरुषभर उंच ऊस उभा. तोड जानेवारीत. शेतकरी म्हणाले, "ऊस गेल्यावर या, मग खुशाल खोदा." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. ट्रॅक्टर बघायला गेलो तर सगळे कारखान्याच्या वाहतुकीला लागलेले. मजूर जतकडचे, ते टोळीबरोबर तोडीला गेलेले. चाळीस दिवस पोकलेन जागेवर उभा आणि भाडं चालू.

पुढच्या वर्षी विट्याला एका लग्नात आमच्याच लाइनमधले एक निवृत्त साहेब भेटले. पंगतीत बसल्या बसल्या मी हे सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "आरं, त्याच गावात आम्ही अडीच महिनं बसून हुतो, नव्याण्णव साली. तोड झाल्यावर खोडव्याला, म्हंजे बुडख्यातनं परत फुटणाऱ्या उसाला, पाणी सोडायच्या आत रान मागायचं असतंय. पंधरा-वीस दिवस मिळत्यात, तेवढ्यात उरकायचं. आणि खोडवा मोडला तर भरपाई किती, ते पाइप यायच्या आधीच बोलून ठेवायचं."

त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. तेच गाव, तीच चूक, दुसऱ्यांदा. आणि तिच्यावरचा उपाय चार वाक्यांचा होता. तो एका माणसाच्या डोक्यात वीस वर्षं पडून होता, कारण त्यांना कुणी विचारलं नाही आणि लिहून ठेवावं असं त्यांना वाटलं नाही.

म्हणून ही पोस्ट. सांगली-साताऱ्यात प्रोजेक्ट सांभाळणारी माणसं शेकड्यांनी आहेत. उपसा सिंचनाच्या कामावरची, पुलांची, एमआयडीसीतल्या शेडची, कारखान्यांच्या विस्तारीकरणाची. माझं त्यांना कळकळीचं सांगणं आहे की लिहा. मराठीत लिहा आणि सगळ्यांना वाचता येईल असं उघड्यावर लिहा. कंपनीच्या फाइलमध्ये 'लेसन्स लर्न्ड'चा एक तक्ता काम संपल्यावर भरला जातो, मला माहीत आहे. मीही भरलेत. तो पुढच्या कामाच्या माणसापर्यंत पोचलेला मी अजून पाहिलेला नाही.

कुठलं काम लांबलं तर सगळा प्रकल्प लांबतो हे शोधायची, आपण वापरतो ती क्रिटिकल पाथची रीत कुठून आली? अमेरिकेत ड्युपाँ कंपनीच्या कामातून, १९५७ च्या सुमारास. ती बसवणाऱ्या केली आणि वॉकर या दोघांनी १९५९ साली ती एका परिषदेत जाहीरपणे मांडली. कारखान्यातली ती रीत आज जतच्या साइटवरसुद्धा वापरतात. आणि लांब कशाला जायचं? पलूस तालुक्यातच किर्लोस्करवाडी आहे. तिथे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. नांगर करणाऱ्या कारखान्याचं पत्र, मराठीत, शंभर वर्षांपूर्वी. कामाची माहिती कारखान्याच्या भिंतीबाहेर जायला हवी, हे आपल्याच मातीत एकदा कुणाला तरी सुचलेलं आहे.

अडचणी मला ठाऊक आहेत. एक तर गुप्ततेचा करार. पण रेट, ग्राहकाचं नाव, ड्रॉइंग यातलं काहीही न सांगता उसाची गोष्ट सांगता येते, मी वर सांगितलीच. दुसरं, इंग्रजीचा धाक. 'आमचं इंग्रजी कच्चं' म्हणून तीस वर्षं साइट काढलेला माणूस गप्प बसतो आणि ज्याने पाइपलाइन पाहिलेली नाही तो भाषण देतो. मला याचा खरंच त्रास होतो. तिसरी अडचण सगळ्यांत अवघड. चूक सांगितली तर लोक काय म्हणतील? माझा अनुभव असा की चांगले लोक फोन करून स्वतःची चूक सांगतात.

काय लिहायचं असं वाटत असेल तर एकच बघा. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेलं. नदीकाठच्या कामावर जॅकवेलमधले (नदीतलं पाणी उपसायच्या विहिरीतले) पंप कुठल्या फुटाला काढायचे, क्रेन काठावरून कधी हलवायची, वरून कोयना धरणाचा विसर्ग किती झाला की फोन करायचा, हे ज्यांनी ते आठ-दहा दिवस काढले त्यांना तोंडपाठ आहे. पुस्तकातला रिस्क रजिस्टर, म्हणजे संभाव्य धोक्यांचा तक्ता, ते शिकवत नाही. सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधून बाहेर पडून पहिल्या साइटवर जाणाऱ्या पोराला हे कोण सांगणार?

माझा वाटा मी उचलतो. गाळप हंगाम, उसाची तोड आणि गावोगावच्या यात्रा धरून पाइपलाइनचं वेळापत्रक कसं करायचं, याचा माझा तक्ता येत्या रविवारी इथेच टाकतोय. त्यात चुका असतील तर दाखवा.

आणि मिरजेच्या मंडळींना एक खास विनंती. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. कोट्याहून वाघिणी धुऊन आल्या, पहिल्या फेरीला दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर, आणि पुढे ५० वाघिणींतून फेरीला २५ लाख. बातम्या देशभर झाल्या. पण रेल्वे यार्डापर्यंत पाणी नेणारी पाइपलाइन टाकताना पाइप कुठून मिळवले, वेल्डर किती होते, रात्रपाळी कशी लावली, पन्नास वाघिणी भरायचा क्रम कसा बसवला, हे काम केलेल्या कुणाच्या हातचं मी वाचलेलं नाही. त्या कामावर तुम्ही असाल, किंवा तुमचे भाऊ, काका, शेजारी असतील, तर खाली लिहा. टाइप करायला जमत नसेल तर फोनवर बोलून रेकॉर्ड करा आणि मला पाठवा. उतरवून मी देतो.