बालीचा ज्वालामुखी आणि वाघोलीचा दगड

ज्वालामुखी पाहून आलेल्या माणसाला निदान आठवडाभर तरी ते मिरवू द्यावे, एवढी साधी माणुसकी आमच्या कोथरूडच्या सोसायटीत शिल्लक नाही, हे मला परवा लिफ्टच्या दारात कळले. मी कोणाला अडवून फोटो दाखवत नव्हतो. "काय हो, बरेच दिवस दिसला नाहीत?" असे तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी आपण होऊन विचारले आणि मी फक्त मोबाइल बाहेर काढला.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. त्यांची उभी हयात धरणांच्या पायासाठी कातळ फोडण्यात गेली असल्यामुळे दगड या विषयावर दुसऱ्या कोणी तोंड उघडलेले त्यांना खपत नाही. मी त्यांच्यापुढे धरलेला फोटो बालीतल्या बातूर पर्वताच्या माथ्यावरचा होता. रात्री दोनच्या सुमारास तुम्हाला हॉटेलातून उचलतात, कपाळाला बॅटरी बांधून अंधारात चढायला लावतात, आणि १,७१७ मीटरवर धापा टाकत पोहोचल्यावर तळ्यापलीकडे अबांग, त्यामागे अगुंग आणि हवा स्वच्छ असेल तर थेट लोंबोक बेटावरचा रिंजानी अशी शिखरे एकेक करून उजळू लागतात. कातळाच्या फटीतून येणाऱ्या वाफेवर वाटाडे अंडी आणि केळी शिजवून देतात, आणि ती तुमच्या आधी कोणी खायची याचा निर्णय तिथली माकडे घेतात. हे सगळे मी रंगवून सांगणार होतो. पण काकांनी दोन बोटांनी फोटो असा काही ताणला की माझा चेहरा पडद्याबाहेर गेला आणि मागचा काळा दगड तेवढा उरला.

"बेसॉल्ट," काका म्हणाले. "थिजलेला लाव्हा. किती खर्च आला?"

मी आकडा जरा कमी करून सांगितला.

"अहो, तुम्ही आत्ता उभे आहात त्याच्या खाली काय आहे?"

"पाण्याची टाकी."

"आणि टाकीखाली?"

पुढची वीस मिनिटे लिफ्ट आमच्यामुळे तळमजल्यावरच अडकून राहिली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा कसा वाहिला, थरावर थर साचून सह्याद्री कसा उभा राहिला, आणि आठव्या शतकातल्या कारागिरांनी त्याच कातळात पाताळेश्वराचे लेणे कसे कोरले, हे त्यांनी दूधवाल्यालाही थांबवून ऐकवले. मी क्षीण प्रतिकार केला. आपला ज्वालामुखी केव्हाच थंड झाला, तिथले मात्र जिवंत आहेत, असे म्हणालो. १९२६ साली बातूरच्या लाव्ह्याने गाव आणि देऊळ गिळले, तेव्हा लोकांनी दोन्ही वर कड्यावर नेऊन पुन्हा वसवले. १९६३ साली अगुंगच्या उद्रेकात हजाराहून अधिक माणसे दगावली आणि बेसाकीचे मोठे मंदिर थोडक्यात वाचले, हेही सांगितले.

"म्हणजे धोक्याचे ठिकाण," काका म्हणाले, "आणि तिथे जायचे तुम्ही वर पैसे मोजलेत."

दूधवाला हसला. त्याचे बिल मी या महिन्यात जरा उशिराने देणार आहे.

इतक्यावर भागले असते, पण काका "आलोच" म्हणून जिन्याने वर गेले आणि श्रीखंडाचा जुना डबा घेऊन आले. आत कापसावर काळ्या दगडाचा तुकडा होता, आणि त्याच्या पोकळीत मोरपिशी निळ्या, सुईसारख्या स्फटिकांचा इवलासा गुच्छ. कॅव्हनसाइट! पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतल्या या खनिजासाठी जगभरचे संग्राहक जीव टाकतात म्हणे. दगड खरोखरच देखणा होता आणि मला खरा राग आला तो त्यामुळेच. बालीतल्या जतीलुवीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या भातखाचरांपुढे मी तासभर उभा होतो. ज्वालामुखीच्या राखेने सुपीक झालेली ती जमीन आणि देवळांच्या देखरेखीखाली पाणी वाटून घेणारी 'सुबाक' ही तिथली पद्धत, यांना २०१२ साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. लोविनाच्या किनाऱ्यावरची काळी वाळूसुद्धा ते लोक कौतुकाने दाखवतात. आपल्याकडे तोच लाव्हा क्रशरमध्ये घालून त्याची खडी करतात, टेकड्यांचे उतार पोखरून त्यांवर 'निसर्गाच्या कुशीत' इमारती उभारतात, आणि पाताळेश्वराच्या दारावरून जंगली महाराज रस्त्याची वाहने हॉर्न वाजवत जातात, त्यांतल्या किती जणांना आत लेणे आहे हे ठाऊक असेल, देव जाणे. काकांनी हे महापालिकेला ऐकवावे. मला ऐकवून काय उपयोग? मी तर हप्ते फेडतो आहे.

काल रात्री सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर काकांचा संदेश आला. येत्या रविवारी सकाळी सहा वाजता वेताळ टेकडी आणि पाताळेश्वर अशी 'ज्वालामुखी सहल' निघणार असून वर्गणी माणशी पन्नास रुपये आहे; बालीला जाऊन आलेल्यांनीही अवश्य यावे, म्हणजे फरक कळेल; आपल्याकडे वाफेवर अंडी शिजत नसल्यामुळे शाकाहारी मंडळींची गैरसोय होणार नाही. त्याखाली पहिला अंगठा माझ्या बायकोचा आहे आणि तिने दोन नावे लिहिली आहेत.