टेरेसच्या गॅरंटीसाठी पैसे मोजू नका, गवंड्यासाठी साठवा

आज शहापुरातल्या शेजारच्या मावशींच्या दारात एका कंत्राटदाराचं बोलणं ऐकलं, अजून डोकं तापलेलं आहे. मावशींनी '१० वर्षांची गॅरंटी' म्हणून जास्तीचे पैसे देऊन टेरेसचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं होतं. स्वयंपाकघराच्या छताला ओल आली म्हणून कागद पुढे केला, तर उत्तर काय? "नंतर सोलर बसवलात, स्टँडचे बोल्ट स्लॅबमध्ये गेले, गॅरंटी संपली." बेळगावात किती घरांवर सोलर आहे, बघा की! काम घेतानाच हे सांगायला काय झालं होतं?

कागद मी नीट वाचला. गॅरंटी केमिकलची, मजुरीची नाही. स्लॅबला भेग गेली तर ती 'स्ट्रक्चरल', म्हणून गॅरंटीबाहेर. पॅरापेटमधून, म्हणजे गच्चीच्या कठड्यातून, पाणी आलं तर तेही बाहेर. आतलं प्लास्टर आणि रंग बाहेर. मग आत उरलं काय?

मोकळ्या स्लॅबच्या मधोमध गळती क्वचितच असते. पाणी शिरतं ते पॅरापेट आणि स्लॅबच्या सांध्यातून, पावसाच्या पाइपच्या तोंडाशी, टाकीच्या ओट्याखालून आणि बोल्टच्या भोकातून. मावशींकडे बोल्टपाशी ओल आहे हे खरं, पण पॅरापेटच्या कडेचा वाटाही, म्हणजे कोपऱ्यात मारलेला सिमेंटचा पट्टाही, सुटलाय. तो काय सोलरवाल्यानं फोडला?

ही दुरुस्ती चांगल्या गवंड्याच्या हातची आहे. भेग नुसती लिंपायची नाही, 'व्ही' आकारात खोदायची, ब्रशनं धूळ काढायची, पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मसाल्यानं भरायची. सुटलेला वाटा काढून नवा गोलाकार मारायचा, काटकोन ठेवला की तिथं पुन्हा भेग जाते. मग कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, आणि पॅरापेटवर निदान वीतभर चढवलेला. स्लॅबमध्ये ओल असताना कोटिंग मारलं की फुगे येतात आणि पापुद्रा सुटतो, म्हणून हे काम वळीव सुरू व्हायच्या आधी, मार्चमध्येच उरकायचं. शेवटी पाइपची तोंडं बंद करून ४८ तास पाणी साठवून खालून छत बघायचं. सोलरचा स्टँड काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसवला की स्लॅबला भोकच पडत नाही.

खानापूरकडच्या कौलारू घरांत शाकारणी दरवर्षी मृगाआधी व्हायची. तिचा खर्च धरलेलाच असायचा, कुणी गॅरंटी मागत नव्हतं. आपण स्लॅब टाकला आणि खर्च संपला असं धरून चाललो.

महिन्याला ५०० रुपये बाजूला टाकले तर वर्षाचे ६,०००, पाच वर्षांचे ३०,०००, वर व्याज. रोजची छोटी ठेव गोळा करणारा पिग्मीवाला दारात येतोच, पण पिग्मीवर व्याज कमी आणि मुदतीआधी काढली तर कापून घेतात. त्यापेक्षा बँकेत एक वर्षाची आरडी करा, मुदत फेब्रुवारीत संपेल अशी. पतसंस्थेत ठेवणार असाल तर लक्षात घ्या, बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. आणि हे पैसे छतापुरते अडकत नाहीत. बोअरची मोटर जळली, गीझरचं एलिमेंट गेलं, तरी तेच उपयोगी पडतात.

नव्या फ्रिजच्या किमतीतच मिळणारी कॉम्प्रेसरची वॉरंटी सोडू नका, एवढं मान्य. आणि मावशींसारखं एकट्या राहणाऱ्या माणसाला 'कुणीतरी येईल' याचाच आधार वाटतो, तेही कळतं. गवंडी शोधायचा, वाळू-सिमेंट आणायचं, उन्हात वर उभं राहायचं, हे त्यांच्यानं व्हायचं नाही. अशांसाठी गल्लीतल्या पोरांनी एक दिवस द्यावा. पण त्याच आधाराचे पैसे घेऊन बोल्टकडे बोट दाखवणाऱ्याला माफी नाही.

तरीही गॅरंटी घेणारच असाल तर पैसे देण्याआधी पक्क्या बिलावर लिहून घ्या: मजुरी धरून, पॅरापेट आणि पाइपची तोंडं धरून, तक्रारीनंतर किती दिवसांत येणार ते धरून. शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस झाल्यावरच. टाळाटाळ केली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जा. कामाची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथं फी लागत नाही, तक्रार करायची मुदत मात्र दोन वर्षांचीच असते.