कातळशिल्पं परग्रहवासीयांनी कोरली? त्या फॉरवर्डला उत्तर

कोकणातल्या झाडून सगळ्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर कोरलेली, कातळशिल्पं गुहेतल्या ‘माकडमाणसा’ला जमणं शक्यच नाही; त्यात कोकणात नसलेले प्राणी आहेत; ती फक्त आकाशातून दिसतात; तिथे होकायंत्र फिरतं; कार्बन डेटिंगने वय 40,000 वर्षं निघालंय; आणि सरकार हे सगळं लपवतंय. म्हणून कोरणारे परग्रहावरचे. खाली अर्थातच ‘सर्वांना पाठवा’. पाठवण्याआधी जरा थांबा.

माकडमाणसापासूनच सुरुवात करू, कारण बाकीचा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. मोरोक्कोत जेबेल इरहूदला आपल्याच जातीच्या माणसाची सुमारे 3 लाख वर्षं जुनी हाडं मिळाली आहेत. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या गुहेतलं रानडुकराचं चित्र किमान 45,500 वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हा मेसेजमधलं वय जसंच्या तसं धरलं, तरी सड्यावर वाकून कोरणारा माणूस हाताने आणि डोक्याने तुमच्या-माझ्यासारखाच होता. ‘मग माकडं अजून माकडंच कशी?’ हा उपप्रश्नही मेसेजात आहे. आपल्या बागेत नारळ आणि आंबे नासवणारी वानरं आपले पूर्वज नव्हेत, लांबचे भाऊबंद आहेत. त्यांची आणि आपली वाट साधारण अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी फुटली, चिंपांझीची आणि आपली 60-70 लाख वर्षांपूर्वी.

आणि माकडांना इतकं कमी लेखायचंही कारण नाही. थायलंडच्या अंदमान समुद्राकडच्या किनाऱ्यावर लांब शेपटीची माकडं ओहोटीला खडकांवर उतरतात, हातात बसेल असा टोकदार दगड निवडतात आणि आपल्याकडच्या बायका कोयतीने कालवं फोडतात तशी नेमक्या जागी ठोकून कालवं फोडतात. तिथलीच माकडं दगडाने पामच्या बिया फोडताना दगडाचे कपचे उडतात. ते कपचे आदिमानवाच्या हत्यारांसारखे दिसतात, हे 2023 साली संशोधकांनी दाखवलं. त्यामुळे नुसता कपचा बघून कुणी शहाणा पुरातत्त्वज्ञ ‘हे माणसाचं हत्यार’ म्हणत नाही. तो कुठल्या थरात मिळाला, सोबत काय होतं, तसेच कपचे पुन्हा पुन्हा एकाच पद्धतीने काढलेत का, हे तो तपासतो. दगड हाताळणं माकडालाही येतं. राजापूर तालुक्यातल्या कशेळी गावच्या सड्यावर मात्र सुमारे 18 मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या बाह्यरेषेच्या आत इतर प्राण्यांची दाटी आहे. हे माकडाचं काम नाही. त्यासाठी परग्रहही लागत नाही. लोखंड नव्हतं म्हणाल, तर गारगोटी साध्या लोखंडापेक्षा कठीण असते.

आता ‘कोकणात नसलेले प्राणी’. रोख गेंड्यावर आहे. आज इथे गेंडा नाही, मान्य. पण गुजरातेत लांघणजला पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी उत्खनन केलं, तेव्हा मध्याश्मयुगीन (शेतीच्या आधीच्या, बारीक दगडी हत्यारं वापरणाऱ्या शिकारी माणसांच्या) वस्तीत गेंड्याच्या खांद्याचं हाड निघालं. आज तिथे गेंडा असेल असं स्वप्नातही येणार नाही. प्राण्यांचे प्रदेश हवामानाबरोबर सरकतात. उलट, गेंड्याचं चित्र हा काळ ठरवताना उपयोगी पडणारा धागा आहे.

कार्बन डेटिंगचा मुद्दा मात्र मुळातच गडबडलेला आहे. ही पद्धत लागते कोळसा, हाड, शिंपला अशा एकेकाळी सजीव असलेल्या वस्तूंना. त्यातला कार्बन-14 दर 5,730 वर्षांनी निम्मा होतो, त्यामुळे साधारण 50,000 वर्षांपलीकडे मोजायला काही उरत नाही. जांभ्यात कोरलेल्या रेषेला ती लावायची कुठे? वस्तीच्या थरात चुलीचा कोळसा मिळाला तर त्याचं वय निघतं. गाडलेल्या वाळूच्या कणांनी शेवटचं ऊन कधी पाहिलं, हेही मोजता येतं. पण आपल्या उघड्या सड्यावरची माती दर पावसाळ्यात धुपून जाते, थर टिकतातच कुठे? म्हणून प्राणी, शैली, परिसरातली दगडी हत्यारं यांवरून अंदाज बांधावा लागतो आणि तो हजारो वर्षांच्या पट्ट्यात येतो. ‘20,000 वर्षं सिद्ध झाली’ असं अभिमानाने सांगणाऱ्या आपल्याच लोकांनीही हे ध्यानात घ्यावं.

होकायंत्र राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे गावच्या कातळशिल्पापाशी खरंच भरकटतं. जांभा लोहाने भरलेला दगड आहे, आणि लोहयुक्त खडकावर वीज पडली तरी त्याला चुंबकत्व येतं. सुई हलली म्हणजे यान उतरलं होतं, असं होत नाही.

‘आकाशातूनच दिसतात’ म्हणे! सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी ही चित्रं शोधली ती सडे तुडवत, गुराख्यांना आणि गावकऱ्यांना विचारत.

राहिलं सरकारचं लपवणं. 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू, कुडोपीसह नऊ ठिकाणं गावांच्या नावांनिशी गेली. लपवायची ही तऱ्हा भलतीच! गवत वाळल्यावर सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर जा, तिरप्या उजेडात रेषा उठून दिसतात. फोटोसाठी त्यात खडू किंवा चुना भरू नका.