अर्ध्या बुडाचा विमानप्रवास

काल कराडला जायचं म्हणून सांगलीतून पेठ नाक्यापर्यंत वडापनं, म्हणजे भरली की सुटणाऱ्या शेअर गाडीनं गेलो. पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून चौथा मी. अर्धं बूड सीटवर, उरलेलं अधांतरी, आणि तिसरा गिअर पडला की दांडा थेट गुडघ्यात. भाडं मात्र अख्ख्या बुडाचं घेतलं. ते अजून डोक्यातनं जात नाही.

गाडी भरेपर्यंत पाऊण तास नुसता बसून होतो. वेळ जाईना, म्हणून मोबाइलवर हवाई अंतर काढणारं पान उघडलं आणि उगाच ‘कवलापूर ते कराड’ टाकलं. कवलापूर म्हणजे सांगलीजवळचं गाव. उत्तर आलं, सरळ रेषेत साठेक किलोमीटर, वेळ 35 मिनिटं. मांडीवर भडंगाची पिशवी घेऊन बसलेल्या शेजारच्या आजोबांनी लगेच मोबाइलात डोकं घातलं.

“काय बघताय पावणं?”

“कवलापूर ते कराड. विमानानं.”

“कवा सुटतंय?”

“सुटत नाही हो. नुसता हिशोब आहे.”

“मग पस्तीस मिनटं कशाची?”

सांगितलं, की ताशी 800 किलोमीटर धरलं तर साठाला साडेचार मिनिटं. वर चढाय-उतरायचा अर्धा तास ठोक धरतात. आजोबांनी भडंगातला एक शेंगदाणा निवडला, सावकाश चावला.

“म्हंजे साडेचार मिनटं पळायला अर्धा तास खटपट. वडापच की मग. भरल्याबिगर सुटतच नसंल.”

“विमान वेळेवर सुटतं, आजोबा.”

“कवलापुरातनं?”

मागची अख्खी गाडी हसली. मला आला राग. मग मी थेट स्कॉटलंड काढलं. तिथं ऑर्कनीत वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे अशी दोन बेटं आहेत. दोन्हीकडच्या विमानतळांमधलं अंतर 2.7 किलोमीटर, आणि तेवढ्यासाठी रोजचं विमान! विक्रम 53 सेकंदांचा.

“आणि चालत?”

“मधे समुद्र आहे.”

“मग होडी भरत नसंल.”

यावर काय बोलणार? कराडला निदान कोयना धरणाच्या काळातली धावपट्टी तरी आहे. आमच्या कवलापुरात धावपट्टीवर गवत. मी हाफ चड्डीत होतो तेव्हापासून ‘विमानतळ होणार’ ऐकतोय. दर निवडणुकीला विमान स्टेजवरून उडतं आणि निकालाला उतरतं. विमान गाठायचं तर आम्ही जायचं कोल्हापूरला, उजळाईवाडीला. म्हणजे विमानासाठी आधी पुन्हा कुणाच्या तरी गिअरवर बसा! वर मत द्यायलाही आम्हीच रांगेत.

पेठ नाक्यावर उतरलो तर डावा पाय जमिनीला टेकवून घेईना. तसाच लंगडत ड्रायव्हरकडं गेलो. म्हटलं, “अर्ध्याच सीटवर बसलो होतो, जरा कमी घ्या.”

तो सगळं ऐकत आला होता. नोटा मोजता मोजता म्हणाला, “विमानात कमी करत्यात व्हय?”

आजोबांनी खिडकीतून मूठभर भडंग पुढं केलं. घेतलं.