काका, दिवा खांद्यावरून काढला, मनगटावर बांधला

नमस्कार काका,

कार्तिकी वारीत दिंड्यांसाठी गाड्या थांबवायला फाट्यावर उभ्या राहणाऱ्या पोरांच्या अंगावर दिवे हवेत, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. बत्तीस वर्षं वाहतूक शाखेत काढलेला माणूस वेळ काढून चार परिच्छेद लिहितो, तेव्हा दोन ओळींत 'धन्यवाद, विचार करतो' म्हणून सटकणं बरं दिसत नाही. म्हणून सविस्तर उत्तर.

आधी ज्यांनी तुमचं वाचलं नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. एक, रेडियमचं जॅकेट, शिट्टी आणि सरळ हात एवढ्यावर तुमची नोकरी निघाली, दिवे म्हणजे खेळणी. दोन, लेखातल्या फोटोतल्या पोरांच्या खांद्यावर लाल-निळे दिवे होते, ती पोलिसांची खूण आहे. तीन, अंगावर दिवा आला की पोरगं निर्धास्त होऊन रस्त्याच्या मधोमध उभं राहतं.

दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. तो फोटो मीच टाकला, चूक माझीच. लाल-निळं लुकलुकताना दिसलं की लोक पोलीसच समजतात आणि आमच्या पोरांनाही ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू. वाहतूक थांबवायचा अधिकार पोलिसांचा. आम्ही पोलीस ठाण्याला सांगून, त्यांनी दाखवलेल्या जागी उभं राहतो आणि हात जोडल्यासारखं थांबवतो. ते दिवे उतरवलेत, फोटोही काढून टाकलाय.

आता जॅकेटचं. तुम्ही लिहिलंत, 'जॅकेट असताना आणखी काय हवं?' मीही दोन वर्षांपूर्वी हेच म्हणत होतो. पण जॅकेटवरची पट्टी स्वतः काही उजेड पाडत नाही. (आपण तिला रेडियम म्हणतो, पण तिच्यात रेडियमचा कणही नसतो. बारीक काचेचे मणी किंवा प्लास्टिकचे इवलेसे लोलक असतात, आलेला उजेड ते आल्या वाटेने परत पाठवतात.) म्हणजे समोरच्याचा हेडलाइट धड असेल तर पट्टी चमकणार. आणि चमक जिथून उजेड आला तिथेच परत जाणार. कारमध्ये डोळे दिव्यांच्या थोडेसेच वर असतात, म्हणून कारवाल्याला पट्टी लख्ख दिसते. ट्रकवाला दिव्यांच्या बराच वर बसतो, त्याच्या डोळ्यांपर्यंत त्यातलं कमीच पोचतं.

आमच्या टेंभुर्णी-पंढरपूर रस्त्यावर त्या दिवसांत काय चालतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. गाळप सुरू झालेलं असतं. ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, पुढचा एक दिवा गेलेला, दुसरा आभाळाकडे बघणारा, आणि गाणी इतकी मोठी की शिट्टीचा उपयोग शून्य. त्याच रस्त्याच्या कडेने पहाटे साडेचारपासून दिंड्या. अशा दिव्याच्या भरवशावर आमच्या जॅकेटची पट्टी चमकायची म्हणजे देवाची कृपा.

त्यात थंडी. मागच्या वर्षी नवमीच्या पहाटे मी फाट्यावर पोचलो तर पाच पोरं उभी. पाचही जणांनी जॅकेट घातलेलं आणि त्यावरून शाल पांघरलेली! एकाने तर कानटोपीही काळी घातली होती. पट्टीचा एक सेंटिमीटर बाहेर दिसत नव्हता. जॅकेटचा तो पोपटी रंगही तेव्हा कामाचा नसतो. तो उजेडातल्या अतिनील किरणांवर उठून दिसतो. तिन्हीसांजेला, झुंजूमुंजू होताना त्याचा खरा उपयोग. पहाटे साडेचारला तो करड्या रंगासारखाच.

आणि काका, बाहीचा विचार करा. अंगावर उठून दिसायच्या कपड्यांचं जे आयएसओ २०४७१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात सर्वात वरच्या वर्गासाठी निदान ०.८० चौरस मीटर चमकदार कापड आणि ०.२० चौरस मीटर परावर्तक पट्टी लागते. शिवाय धडाबरोबर बाह्या किंवा पायजम्याचे पाय झाकलेले असावे लागतात. आपण दुकानातून आणतो त्या बिनबाह्यांच्या जाळीच्या जॅकेटला नुसतं घालून तो वर्ग मिळूच शकत नाही. हात-पाय दिसले पाहिजेत हे त्या मानकवाल्यांनाही कळलंय.

का, ते सांगतो. स्वीडनमधले गुन्नार योहान्सन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. १९७३ साली त्यांनी माणसांच्या सांध्यांवर, म्हणजे खांदे, कोपर, मनगट, गुडघे, घोटे यांवर प्रकाशाचे ठिपके लावले आणि अंधारात फक्त ते ठिपके दिसतील असं चित्रण केलं. माणूस स्थिर असताना बघणाऱ्याला नुसते विखुरलेले ठिपके दिसायचे. तो चालायला लागला की क्षणात कळायचं, अरे, माणूस आहे! डोळ्याला माणूस ओळखायला त्याचे हलणारे सांधे पुरतात.

हे वाचून आम्ही आमच्या पद्धतीने करून पाहिलं. रात्री आठला, मळ्याकडच्या रस्त्यावर, जिथे दिव्याचा खांबही नाही. शंभर पावलांवर दोन पोरं उभी केली, दोघांच्या अंगात काळे स्वेटर. एकाच्या खांद्यावर लाल लुकलुकणारा दिवा, दुसऱ्याच्या दोन्ही मनगटांवर पिवळसर नारिंगी दिव्याचे पट्टे. मी आणि शेजारचा ट्रॅक्टरवाला ट्रॅक्टरवर बसलो, दिवे डिपरवर. दोघांनी हात वर करून 'थांब' केलं. ट्रॅक्टरवाला खांद्याच्या दिव्याकडे बघून म्हणाला, 'ते सायकलचं मागचं लाल आहे ना?' हात वर आहे हे त्याला दिसलंच नाही. दुसऱ्याचे पट्टे वर गेले तसा तो आपणहून म्हणाला, 'हां, हा थांब म्हणतोय.' दोन पोरं आणि एक ट्रॅक्टरवाला, याला काही प्रयोग म्हणायचं नाही. पण माझी खात्री तिथे पटली. खांद्यावरचा दिवा एवढंच सांगतो की इथे काहीतरी आहे. थांब की ये, हे तर हातच सांगतो ना.

आणि खरं सांगू, हे तुमच्याच प्रतिक्रियेत लिहिलेलं आहे. 'आमचे पांढरे हातमोजे लांबून दिसायचे,' असं तुम्ही म्हणालात. पांढरे का? हात दिसावा म्हणूनच ना? विमानतळावर विमान जागेवर लावून घेणारा माणूस आठवा. दिवसा त्याच्या हातात चमकदार रंगाच्या कांड्या, हातमोजे, नाहीतर चक्क टेबल टेनिसच्या बॅटी चालतात. रात्री किंवा धुक्यात मात्र आतून उजळणाऱ्या कांड्याच लागतात, तसा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. आपल्या रेल्वेतही जुना संकेत आहे, रात्री पांढरा दिवा जोरजोरात हलवला की तो थांबण्याचा इशारा. मनगटी पट्टा म्हणजे तुमच्या हातमोज्याचं रात्रपाळीचं रूप समजा.

'पावसात बंद पडतात, सेल संपतात' हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, त्यावर काही बोलायला तोंड नाही. पहिल्या वर्षी एका दुकानातून बारा पट्टे आणले, अवकाळी पावसाच्या एका सरीत सात मेले. आता चार्जिंगचे घेतलेत, त्यांचं चार्जिंगचं तोंड रबरी झाकणाने बंद होतं, आणि आदल्या रात्री सगळे देवळाच्या पारावर एका वायरबोर्डाला लावून ठेवतो. शिवाय जॅकेट सोडलेलं नाही. पट्ट्याचा सेल संपला तरी जॅकेट उभं आहे, जॅकेट शालीखाली गेलं तरी पट्टा आहे. लुकलुकणं बंद केलंय, दिवा सलग ठेवतो. लुकलुकणारा दिवा नेमका किती लांब आहे ते पटकन कळत नाही, आणि जवळून जाणाऱ्या म्हाताऱ्या वारकऱ्यांच्या डोळ्यांवर येतो तो वेगळाच. थांबवायला उजव्या हातात लाल कांडी, बाकी काही नाही.

राहिला तुमचा तिसरा मुद्दा, निर्धास्त होण्याचा. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही लिहिल्यावर मी पोरांना विचारलं, दोघांनी कबूल केलं की कांडी हातात आली की पाय आपोआप डांबरावर जातो. साठच्या वेगातली कार कोरड्या रस्त्यावरसुद्धा, ड्रायव्हरला दिसल्यापासून थांबेपर्यंत पन्नासेक मीटर खाते. पंधरा-वीस टन ऊस लादलेल्या ट्रॉल्यांना तर बहुतेक ब्रेकच नसतात, ट्रॅक्टर थांबला तरी त्या मागून ढकलत राहतात. तिथे पोराच्या मनगटावर काय चमकतंय याला काडीचा अर्थ नाही. आपण दिसलो म्हणजे तो थांबेल, हे पोरांच्या डोक्यातून मी एकटा काढू शकत नाही. माझं ते ऐकत नाहीत, मी त्यांच्यातलाच.

तेव्हा विनंती आहे. उभं कुठे राहायचं, गाडी थांबत नाही असं वाटलं की कोणत्या बाजूला उडी मारायची, वळणावर पाठ कुणाकडे ठेवायची, हे तुम्ही पोरांना दाखवा. बत्तीस वर्षांत पायांना जे कळलं ते लेख वाचून येत नाही, माझा लेख वाचून तर नाहीच. आम्ही यंदा पांढऱ्या चुन्याने साइडपट्टीवर उभं राहायच्या जागा आखणार आहोत. त्या चुकीच्या ठिकाणी आखायच्या आधी तुम्ही बघितलेलं बरं.

नवमीच्या पहाटे चार वाजता फाट्यावर चहाच्या टपरीपाशी असू. चहा आमच्याकडून. शाल आणा, पण जॅकेटच्या आतून घाला.