यल्लापूरचे सिद्दी ‘घुसखोर’ कसे?

गेले काही दिवस एक व्हिडिओ फिरतोय. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूरच्या रानातले सिद्दी बायका-पुरुष ढमामी ढोलाच्या ठेक्यावर नाचतायत आणि खाली मजकूर: ‘कर्नाटकात आफ्रिकन घुसखोरांचं गाव! जंजिऱ्याच्या सिद्दीची औलाद, महाराजांचे वैरी. धावण्यापलीकडे यांना काही येत नाही. मतांसाठी आदिवासी दाखले वाटले, हाकलून द्या.’ आमच्या घरच्या ग्रुपवर हा टाकला माझ्या सख्ख्या काकांनी. सगळी हयात बेळगावात काढलेल्या माणसाने! गप्प बसवेना.

आधी ‘घुसखोर’. सिद्द्यांचे पूर्वज आफ्रिकेतले, एवढं खरं. ते कुणी नाकारत नाही, सिद्दी तर नाहीच नाही. पण ते आपल्या मर्जीने आले नव्हते. पोर्तुगीजांनी मोझांबिकच्या किनाऱ्यावरून माणसं गुलाम म्हणून गोव्यात आणली, विकली, राबवली. त्यांतले जे निसटले ते घाट चढून उत्तर कन्नडच्या जंगलात शिरले. ज्यांना साखळ्या घालून आणलं, त्यांच्या पणतवंडांना घुसखोर म्हणायचं? हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी कर्नाटक आणि गुजरातच्या सिद्द्यांचे डीएनए तपासले. तो शोधनिबंध २०११ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ ह्यूमन जेनेटिक्स’मध्ये छापून आलाय. आफ्रिकेतल्या बांटू भाषिकांशी नातं निघालंच, पण भारतीय अंशही निघाला, बहुधा पोर्तुगीजही. आणि इथल्या लोकांशी हे मिसळणं साधारण आठ पिढ्यांपूर्वीपासूनचं. आमच्या घरात तरी आठ पिढ्यांपूर्वीच्या पुरुषाचं नाव कुणाला सांगता येईल का?

त्याच जिल्ह्यातल्या हल्याळकडच्या सिद्दी वाड्यांवर जाऊन बघा. घरात कोकणी, बाजारात कन्नड, मराठी बोलणारेही भेटतात. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती. बायका जुन्या लुगड्यांचे तुकडे कडेकडून आत शिवत कौदी नावाची गोधडी करतात आणि चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या चिंध्यांची ‘फुलं’ लावतात. त्याशिवाय कौदी पुरी झाली असं मानत नाहीत. ख्रिस्ती घरातल्या कौदीवर क्रूस असतो, मुसलमान घरातल्या कौदीवर चंद्रकोर. आपल्या आजीच्या गोधडीची ही सख्खी बहीण, आणि ती शिवणारीला म्हणे हाकला.

आता जंजिरा. जंजिऱ्याचे सिद्दी महाराजांशी आणि नंतर शंभूराजांशी लढले, हे खरंच आहे. पण ते किल्ला आणि आरमार बाळगणारे सत्ताधारी. यल्लापूरच्या रानात लपलेल्या गुलामांशी त्यांचा संबंध काय? आणि इतिहास काढायचाच तर पुरता काढा. १६६० साली पन्हाळ्याला वेढा घालून बसलेल्या सिद्दी जौहरवर नेतोजी पालकरांबरोबर कोण चालून गेलं? सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा वाहवाह. महाराजांच्या बाजूने लढताना त्या पोराला जखमी होऊन शत्रूच्या हाती पडावं लागलं. त्याला कोणत्या यादीत घालणार?

धावण्याबद्दल फार बोलायला नको. स्पोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडियाने १९८०च्या दशकात सिद्दी पोरं निवडून खेळाडू घडवायची योजना काढली आणि पुढे बंद केली. रंग बघून माणसाचा धंदा ठरवायचा ही खोड जुनीच आहे.

राहिले दाखले. ते कुण्या पुढाऱ्याने खिशातून वाटलेले नाहीत. उत्तर कन्नडातले सिद्दी २००३ साली अनुसूचित जमातींच्या यादीत आले, २०२०च्या दुरुस्ती कायद्याने बेळगाव आणि धारवाडचेही आले. दोन्ही वेळा संसदेत कायदा करून. म्हणजे काका, आपल्या खानापूर तालुक्यातले सिद्दीसुद्धा त्यात आहेत. राजपत्र कुणालाही वाचता येतं. पुढच्या वेळी फॉरवर्ड करण्याआधी ते वाचा.